एका पातेल्याचा नाताळ

त्या नाताळच्या सकाळी मी उपासना चालू असताना बसल्या जागी झोपी गेले. आमच्या ख्रिस्ती मंडळीला तेव्हा पनवेलमध्ये स्वतःची इमारत नव्हती. एका शाळेचा हॉल रविवारपुरता मिळायचा आणि नाताळला तिथेच कागदी पताका लावून आम्ही त्याचं चर्च करायचो. मी मागच्या बाकावर होते. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले एवढं आठवतं. त्यानंतर एकदम बाकं सरकल्याचा आवाज आला, तेव्हा सगळे शेवटच्या आशीर्वादासाठी उभे राहत होते.

आम्ही नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन थोडीच वर्षं झाली होती. हे मुंबईला ऑफिसात जायचे, मी जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. डिसेंबर लागला की शाळेतून आल्यावर पर्स टेबलावर टाकायची ती सरळ ओट्याशी. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, दोन तऱ्हेचे लाडू. केकचं मिश्रण डब्यात भरून बेकरीत भाजायला न्यायचं, तिथे रांगेत उभं राहायचं. पडदे धुवायचे, सगळ्यांचे नवे कपडे शिवून घ्यायचे, खिडकीत तारा टांगायचा. सासरी नाताळ असाच होत आला होता आणि मी तो चालवत होते.

त्या दिवशी संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी पलंगावर आडवी झाले. आठ वर्षांची लेक जवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, नाताळ संपला ना? मग उद्यापासून तू आमच्याबरोबर जेवायला बसशील ना?"

तक्रार नव्हती तिची. परीक्षा संपली का, असं विचारावं तसं तिने विचारलं. पण मी उठून बसले. प्रभूच्या जन्माचा सण संपायची वाट माझी मुलगी बघत होती आणि खरं सांगायचं तर मीही बघत होते.

रात्रीच्या जेवणानंतर मी ह्यांना म्हटलं, "पुढच्या वर्षी हे असं नाही करायचं."

"बरं," हे म्हणाले. ईस्टरपर्यंत ही विसरेल, असा तो "बरं" होता.

मी विसरले नाही. पुढच्या वर्षी दिवाळी आटोपली आणि मी सासूबाईंपाशी विषय काढला. त्या आमच्याकडेच राहायच्या. माझे सासरे नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळाही चालवत आणि रविवारी उपासनाही घेत. ते गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. बोलायला मोजक्या, पण स्पष्ट.

"यंदा फराळ करायचा नाही, आई. नवे कपडेही नकोत. नाताळ साधा करू या."

त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही. "दिवाळीत समोरून, खालून, वरून ताटं आली. ती आपण खाल्ली. आता नाताळला त्यांच्या दारात काय नेऊन ठेवणार?"

आमच्या बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घर आमचं एकट्याचं. वर्षभर शेजारणी तिळगूळ, पुरणपोळी, मोदक द्यायच्या आणि त्याची परतफेड करायला आमच्याकडे हा एकच सण. सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मी ठरवलेलं सोडलं नाही. मग एकदा दुपारी चहा घेताना त्यांना विचारलं, "तुम्ही लग्न होऊन गावी आलात, तेव्हा नाताळला काय करायचे?"

"काय करणार? खीर." त्यांनी बशी खाली ठेवली. "गव्हाची, गुळातली. देवळापुढे मोठं चुलाण पेटवायचं." गावाकडे चर्चला देऊळच म्हणतात. "पातेलं एकच. सगळी वस्ती तिथेच बसून जेवायची. तळणाला तेल होतं कुणाकडे? फराळ आला तो मागून, तुझ्या सासऱ्यांचा पगार वाढल्यावर."

"मग आपणही तेच करू."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "ती गरिबी होती, बाई. तुझी कसली गरिबी? घरात असून नसल्यासारखं करायचं, हे ढोंग नव्हे का?"

शब्द लागला. मी म्हटलं, "खर्च वाचवायचा म्हणून नाही करत, आई. मला डिसेंबरातले दिवस हवे आहेत. संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, प्रार्थना करायची, गाणी म्हणायची. हे नाही जमलं, तर मग खुशाल ढोंगी म्हणा."

त्या कपबशा उचलून आत गेल्या. पण दुसऱ्या दिवशी मी त्यांना ह्यांच्याशी बोलताना ऐकलं, "तिने ठरवलंय. बघू या तरी."

डिसेंबर लागला. शाळेतून आल्यावर ओट्याशी जायची इतकी सवय होती की पहिले काही दिवस मला हात रिकामे वाटले. संध्याकाळी टीव्ही बंद. वरण-भात, एखादी भाजी आणि सगळे एका सतरंजीवर. सासूबाई पवित्र शास्त्रातला उतारा लेकीकडून वाचून घ्यायच्या. हे हार्मोनियम काढून बसायचे. ती पेटी लग्नापासून कपाटावर होती, तिचा भाता आधी चिकटपट्टी लावून दुरुस्त करावा लागला. रविवारी दुपारी आम्ही जुन्या पनवेलला, तळ्याजवळ राहणाऱ्या आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या नर्सबाईंकडे जायचो. त्यांना गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नसे. दरवर्षी आम्ही त्यांच्याकडे फराळाचा डबा देऊन दारातूनच परत फिरायचो. त्या वर्षी पहिल्या रविवारी आम्ही बसलो, गाणी म्हटली, लेकीने त्यांच्या केसांना तेल लावून दिलं. निघताना त्या म्हणाल्या, "डबा कुठाय?" मी सांगितलं, यंदा डबा नाही. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या रविवारी पुन्हा यावं लागेल तुम्हाला." आम्ही गेलो.

बिल्डिंगमध्ये मात्र कुजबुज सुरू झाली होती. तळणाचा वास नाही, खिडकीत गेल्या वर्षीचाच तारा, शिंप्याकडे फेरी नाही. समोरच्या घरात राहणारी बाई माहेरची जवळच्याच जासई गावची, मोठ्या मनाची आणि मोठ्या आवाजाची. एका संध्याकाळी तिने दार वाजवलं. हातात स्टीलचा भला मोठा डबा. आत येऊन दार लोटून घेतलं आणि आवाज होता होईल तेवढा बारीक केला.

"घरात काय अडचण हाय का? खरं सांगा. साहेबांचा पगार थकलाय का? आमी काय परके नाय."

डब्यात चकल्या आणि रव्याचे लाडू होते. आमचा नाताळ कोरडा जाऊ नये म्हणून तिने दुपारभर खपून केले होते. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. मी तिला बसवून सगळं सांगितलं. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

"म्हंजे करायचं नाय म्हणून करत नाय?"

"हो."

"आनि खायला काय देनार लोकांना?"

"खीर. गच्चीवर. ताट पाठवणार नाही, सगळ्यांना बोलावणार आहे."

मग उठत म्हणाली, "एवढ्या लोकांची खीर तुमच्या पातेल्यात नाय व्हायची. आमच्याकडं लग्नातलं हाय, ते घेऊन जा." डबा मात्र तिने परत नेला नाही. तो आम्ही तळ्याकाठच्या नर्सबाईंना दिला. यंदा डबा नाही म्हणून शेवटी डबा दिलाच, यावरून सासूबाई मला बरेच दिवस चिडवत होत्या.

आमंत्रण द्यायला मी आणि लेक दारोदार गेलो. शेजाऱ्यांच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहणं किती जड जातं, ते तेव्हा कळलं. ताटावरचा रुमाल बाजूला केला की बोलायची गरजच पडत नाही. रिकाम्या हाताने गेलं की बोलावं लागतं. "नाताळला संध्याकाळी गच्चीवर या, आमच्याबरोबर खीर खायला," हे एवढं वाक्य म्हणताना पहिल्या मजल्यावर माझी जीभ अडखळली. तिसऱ्या मजल्यापर्यंत लेकच ते म्हणू लागली होती.

नाताळच्या आदल्या दिवशी माझी मोठी नणंद पुण्याहून आली. दर नाताळला यायची. आईवर आणि भावावर फार जीव. लेकीसाठी झालरीचा फ्रॉक आणला होता, मोठा केक आणला होता. हातपाय धुऊन ती स्वयंपाकघरात गेली, फडताळातले डबे उघडून पाहिले आणि बाहेर आली.

"आई, तुझ्या घरात नाताळला तळण नाही?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं नाही. "यंदा खीर करायची आहे," एवढंच म्हणाल्या.

नणंदबाईंनी पर्स उचलली. भावाला म्हणाल्या, "चल, बाजारात जाऊ. मिठाई, फरसाण, काय मिळेल ते आणू. उद्या लोक येतील घरात. बाबांच्या घरी असं कधी झालं नाही."

"ताई, नका आणू," मी म्हटलं.

"मी माझ्या भावाशी बोलतेय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. बहिणीला ह्यांनी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नव्हतं. आता हे चपला घालणार, असंच मला वाटलं. हे काही वेळ हार्मोनियमच्या झाकणावर बोटं फिरवत बसले. मग म्हणाले, "ताई, आमचं ठरलंय."

तोवर ते माझं होतं. त्या वाक्यापासून आमचं झालं.

ताईंनी पर्स ठेवली, पण जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उपासनेला आल्या, आमच्या रीतीप्रमाणे सगळ्यांना सलाम केला, हसून बोलल्या. लेकीला मी आत्याचा फ्रॉक घालू दिला. त्यावरून माझं मन आधी डळमळलं होतं, पण आत्याने मायेने आणलेली वस्तू कपाटात ठेवायला लावणं मला बरोबर वाटेना. दुपारी वरण-भात झाल्यावर ताईंनी बॅग भरली. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत तरी थांबा." त्या म्हणाल्या, "तुझ्या घरात तुझं चालू दे." हे त्यांना एस.टी. स्टँडवर सोडून आले आणि सरळ पातेलं उचलून गॅसवर ठेवू लागले. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि त्याच वेळी आदल्या दिवशी कांडून ठेवलेले गहू पाण्यातून निथळून काढत होत्या.

त्या क्षणी मला वाटलं, एवढा काय हट्ट? दोन किलो चकल्या केल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण गहू भिजून तयार होते. मी गूळ चिरायला घेतला.

संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या घातल्या. बरेच लोक आले, काही आले नाहीत. खालच्या मजल्यावरचं एक कुटुंब दार लावून बसलं आणि पुढच्या दिवाळीत त्यांच्याकडून ताटही आलं नाही. ते मला लागलं. जे आले ते आधी अवघडून कडेकडेने उभे होते. ह्यांनी पेटी घेतली, लेकीने गाणं म्हटलं. मग सासूबाईंनी, कुणी सांगितलं नसताना, बसल्या बसल्या बोलायला सुरुवात केली. गावच्या वस्तीत सांगायच्या तशीच त्यांनी जन्माची गोष्ट सांगितली. दिवस भरलेली मरिया, परकं गाव, मुक्कामाला कुठे जागा नाही, शेवटी गोठा आणि गव्हाणीत ठेवलेलं बाळ.

आमची जासईची शेजारीण मध्येच बोलली, "थांबा आजी. म्हंजे पोटुशी बाई दारात उभी आनि कुनी घरात घेतली नाय?"

"नाही घेतली."

"एकानं पन नाय?"

"नाही."

"आमच्या गावात असती तर घेतली असती," ती म्हणाली. मग बाजूला बसलेल्या बायकांकडे वळून, "नाय का गं?" बायकांनी माना डोलावल्या. सासूबाई म्हणाल्या, "घेतलीच असती तुम्ही. मला माहीत आहे." लहानपणापासून इतके उपदेश ऐकले, पण त्या गोष्टीचा कुणाला असा राग आलेला मी पाहिला नव्हता. गोष्ट तिला खरी वाटली होती.

खीर थोडी पातळच झाली होती. तळ खरवडून संपली.

दुसरं वर्ष जास्त कठीण गेलं, कारण पहिल्या वर्षीचं नवेपण नव्हतं. लेक दहा वर्षांची झाली होती आणि शाळेतल्या मैत्रिणींचे नवे कपडे तिला दिसत होते. ती एकदा रडली. मी तिला जवळ घेतलं, पण शिंप्याकडे नेलं नाही. सासूबाईंनी मात्र ताईंच्या नावाने मूठभर करंज्या केल्या आणि पार्सलने पुण्याला पाठवल्या. मी ते होऊ दिलं. त्या वर्षी ताई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. ह्यांना नाताळच्या सकाळी बहिणीची आठवण यायची, ते चेहऱ्यावर दिसायचं. पण डिसेंबर लागला की हेच कपाटावरून पेटी काढायचे, मला सांगावं लागत नसे.

मग एका वर्षी ताई आल्या. स्वतःचा चकलीचा डबा घेऊन. तो टेबलावर ठेवत म्हणाल्या, "मी माझं आणलंय. तुझं तत्त्व तुझ्यापाशी."

"बरं," मी म्हटलं आणि डब्याचं झाकण काढून तो टेबलावरच राहू दिला.

संध्याकाळी त्या गच्चीवर आल्या, आईच्या शेजारी बसल्या आणि सगळ्या गाण्यांत त्यांचा आवाज सर्वांत वर होता. खाली उतरताना मला म्हणाल्या, "फार हट्टी आहेस तू."

मी नाही म्हटलं नाही. पातेल्याचा दुसरा कान त्यांनी धरला होता आणि जिना अरुंद होता.