म्हैसूरला राहिलेला टाक

मला दुसरेपणावर दिली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नवऱ्याची पहिली बायको तापाने गेली होती आणि मागे दोन वर्षांची मुलगी होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूने मला देवापुढे बसवलं आणि माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक घातला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली एक बाई. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, पदराची एक रेघ. ही पहिली.

सासू म्हणाली, "नवीन लुगडं आधी हिला दाखव, मंग तू नेस. गोडाधोडाचा पयला घास हिला. हिच्या घरात आलीस, हिला इसरू नको, बाय."

मी मान डोलावली. मला तेव्हाही जास्त बोलता येत नसे. चौथीनंतर शाळा सुटली आणि चारचौघांत बोलायची सवय लागलीच नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे. आमच्या भिवंडीजवळच्या वळ गावातली भातशेती गोदामांना गेली तेव्हापासून मुलीचे बाबा त्याच जमिनीवरच्या गोदामात गेटवर असतात. त्यांच्याकडची जुनी गेटपासची पुस्तकं घरात पडली आहेत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते.

मला स्वतःचं मूल झालं नाही. ती एकच मुलगी. रात्री माझ्या कुशीत निजताना टाक मुठीत धरायची आणि तसाच धरून झोपायची. मूठ सोडवायला गेले तर रडायची. तिला सगळं ठाऊक होतं, सासूने काही लपवलं नव्हतं. मला ती आई म्हणायची आणि टाकाला 'ती'. कधी कधी मला वाटायचं की मी आई आहे ती या दोऱ्यामुळे. दोरा गेला तर हाक पण जाईल. ही भीती मी कोणाला सांगितली नाही.

टाक नेहमी गार असायचा. मे महिन्यात चुलीपुढे घाम गळत असला तरी गळ्याखाली तेवढीच जागा गार.

पहिलीचा फोटो घरात नाही. सासू भाकऱ्या थापताना कधी तिच्याबद्दल बोलायची. "तिला इमानाचं लय येड. आकाशात आवाज आला का पिठाच्या हातानं अंगणात धावायची. मी म्हनायची, काय गो, इमान तुला न्यायला आलंय का?" सासू हसायची आणि मग पुढची भाकरी थापायला घ्यायची. मुलीचे बाबा मात्र तिच्याविषयी कधीच एक शब्द बोलले नाहीत.

मुलगी शिकली. बारावीला चांगली पास झाली तेव्हा आम्ही तिघं हैदराबादला गेलो. आमच्या घरात फिरायला म्हणून कोणी गेलेलं नव्हतं. लग्नाला नाहीतर देवाला, तेवढंच. मुलगीच म्हणाली, "पेढे वाटून काय होतंय? नवीन शहर बघू." तेव्हापासून घरात तीच रीत पडली. तिला नोकरी लागली तेव्हा जयपूर. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा म्हैसूर.

मला फिरायला आवडलं. हे लिहितानासुद्धा लाजल्यासारखं होतं. हैदराबादच्या तलावात बोटीत बसले तेव्हा मी लहान मुलीसारखी कडेला हात धरून बसले होते. जयपूरच्या महालात एक खोली होती, छताला बारीक बारीक आरसे. सगळे वर बघून स्वतःला शोधत होते. मीही पाहिलं. माझं तोंड कुठेच नीट दिसेना. टाकाचा पांढरा ठिपका मात्र शंभर ठिकाणी दिसत होता. मी पटकन खाली पाहिलं. मनात आलं, फिरायला ती आली आहे, मी नुसती घेऊन आले आहे.

विमानतळावर तपासणी करणारी बाई दर वेळी ब्लाउजमधून दोरा बाहेर काढायला लावायची. जयपूरला एकीने विचारलं, "ये क्या है?" मागून मुलगी म्हणाली, "मम्मी है." ती बाई म्हणाली, "और ये कौन है?" "ये भी मम्मी है. हमारे यहां दो-दो हैं, मॅडम, एक पे एक फ्री." ती बाई हसली, मागची रांगसुद्धा हसली. मी शरमेने अर्धी झाले, पण आतून बरं वाटलं.

विमानात मुलगी खिडकीशी बसायची आणि ढग आले की मला ओढायची. "आई, वाक जरा. तिला दाखव." मी वाकायची. ती टाक दोन बोटांत धरून काचेला लावायची. "बघ गं, आता धावत यायला नको, आतच बसलीयेस." मुलीचे बाबा तेव्हा डोळे मिटून घ्यायचे.

सासू गेली आणि त्यानंतरच्या वर्षी आम्ही म्हैसूरला गेलो. त्या दिवशी दुपारी मुलीने मला रेशमी साडी घेऊन दिली. हिरवी, बारीक जरीची. संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लागतात, तिथे जायचं होतं. मी खोलीत एकटी तयार होत होते. साडी उलगडली, नेहमीच्या सवयीने टाकाला लावायला हात वर नेला आणि थांबले.

आज पंचवीस वर्षं झाली ती माझ्या लग्नाला. तिच्या नाही. हा विचार माझाच होता, मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. मी दोऱ्याची गाठ सैल केली, टाक काढला आणि पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. दोरा तसाच गळ्यात बांधला, कोणी विचारू नये म्हणून. मग साडी नेसले. तिला न दाखवता नेसलेली ती पहिली साडी.

राजवाड्यासमोर मुलीने आम्हाला मोगऱ्याचे हार दिले आणि एकमेकांना घालायला लावले. आजूबाजूची माणसं टाळ्या वाजवायला लागली. सगळे दिवे एकदम लागले. मुलीचे बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आज येगलीच दिसतेस."

पंचवीस वर्षांत माझ्या दिसण्यावर ते कधी बोलले नव्हते. माझी गळ्याखालची जागा त्या वेळी गार नव्हती. तिथे काहीच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी आली. बंगळुरूहून विमान होतं. बॅगा, चपला, चार्जर, पाण्याच्या बाटल्या, सगळी घाई. विमानतळावर तपासणीच्या बाईने माझं मंगळसूत्र पाहिलं आणि म्हणाली, "जाइए." आणखी काही विचारलं नाही. तिने विचारलं नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तेव्हा वेळ होता. फोन करता आला असता. मुलगी पुढे उभी होती, राजवाड्याचे फोटो मैत्रिणींना पाठवत होती, हसत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार होते? ठेवला की विसरला, तिने पहिला प्रश्न तोच केला असता.

विमान वर गेलं. ढग आले. "आई, वाक जरा."

"झोप आलीय गं," मी म्हटलं आणि पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

ते वर्ष मी रिकामा दोरा घालून काढलं. कामात असले की ठीक. पण नवीन कापड घरात आलं की हात आपोआप गळ्याशी जायचा आणि बोटांना दोऱ्याची गाठ तेवढी लागायची. ती जागा पुन्हा गार पडायला लागली. टाक असताना पडायची त्याहून जास्त. दुपारी गोदामाकडे ट्रक मागे घेताना त्यांचा टीं टीं आवाज येतो, तो थांबला की मागे एक शांतता राहते. त्या शांततेत मला लाकडी ड्रॉवर सरकल्याचं ऐकू यायचं. मी विचार करायचे, कोणी उघडला असेल तो? एखाद्या लहान मुलाच्या हाताला लागला असेल. की अजून तसाच असेल आणि ती अंधारात दोन ठिपक्यांनी बघत असेल, हे लोक परत कधी येतात म्हणून.

मग मुलीचं लग्न ठरलं.

आमच्याकडे हळदीला पितरांना बोलावतात. धवलारीण, म्हणजे गाणी म्हणून सगळे विधी करणारी बाई, एकेकाला हाक मारते. पहिली हळद मेलेल्यांना, नंतर नवरीला. नवरीची आई गेलेली असली तर पहिली हळद तिच्या टाकाला, आणि ती नवरीच्या हाताने. हे टळणारं नव्हतं.

हळदीच्या आठ दिवस आधी दुपारी मी तांदूळ निवडत होते. मुलीचे बाबा समोर पाहुण्यांची यादी करत बसले होते. मी सुपातच बघत म्हटलं, "टाक न्हाय माझ्याकडं. म्हैसूरला राहिला. ड्रॉवरमधी."

त्यांचं पेन यादीवर थांबलं. मग म्हणाले, "मी बघितला व्हता."

मी वर पाहिलं.

"सकाळी निघताना ड्रॉवर उघडून बघितलं, काय ऱ्हायलंय का. दिसला. परत लावला."

"का?"

"तू ठेवलास ना. मला वाटलं, मुद्दाम ठेवलास." पेनाचं टोपण त्यांनी काढलं, पुन्हा लावलं. "मला पन वाटलं, ऱ्हाऊंदे."

म्हणजे तिला तिथे आम्ही दोघांनी ठेवलं होतं. एक वर्ष एका ताटाशेजारी दुसरं ताट घेऊन जेवत होतो आणि दोघंही बोललो नव्हतो. मला त्यांचा राग आला नाही. मला त्यांची भीती वाटली, थोडी माझीही.

दुसऱ्या दिवशी ते मला भिवंडीच्या बाजारात सोनाराकडे घेऊन गेले. म्हणाले, "साच्यातलेच असतात सगले. कोनाला कलनार हाय?" दुकानामागे कापड विणायच्या लूमचा खडखडाट चालू होता, सोनार मोठ्याने बोलत होता. त्याने मखमलीच्या ताटलीत टाक मांडले. एकसारख्या दहा-बारा बायका, दोन ठिपके आणि पदराची रेघ. सोनार म्हणाला, "बघा, कोणती देऊ?"

मला हात लावता आला नाही. त्यांनीच एक उचलला आणि खिशात टाकला.

हळदीच्या दिवशी सकाळी तो त्यांनी माझ्या हातात दिला. खिशात राहून तो गरम झाला होता. मी दोरा सोडला, टाक ओवायला घेतला, आणि माझ्याने होईना. तो गरमपणा जाईना. मी तो तांदळाच्या डब्यात ठेवला आणि रिकामा दोरा पुन्हा बांधला.

मांडवात बायका दाटून बसल्या होत्या. धवलारणीने पितरांच्या हाका सुरू केल्या. सासऱ्यांना झाली, सासूला झाली, मग पहिलीचं नाव घेतलं. मुलगी पाटावर होती, मी तिच्यासमोर. तिने हळदीत बोटं बुडवली आणि माझ्या गळ्याकडे हात आणला. दोरा बोटाने वर ओढला. गाठ आली, पुढे काही नाही.

तिचा हात तिथेच राहिला. ती माझ्याकडे बघायला लागली. मग खाली वाकून हळूच म्हणाली, "कुठंय ती?"

"म्हैसूरला."

"एकटीच?"

मागून कोणीतरी म्हातारी ओरडली, "लाव गो बाय, उन्हं झाली! का आईचा गला मोजतेस?" सगळ्या हसल्या. मुलीने माझ्या गळ्याच्या खोलगट जागेवर हळद लावली, दोन बोटांनी, दाबून. नंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. लग्नातही कामापुरतंच बोलली. निरोप घेताना तिने सगळ्यांना मिठी मारली. मला मारली ती हलकीच, आणि हाक मारली नाही.

लग्नानंतर मुलगी आणि जावई केरळला जाणार होते. दहाव्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मागची भिंत मी लगेच ओळखली, पलंगावरचा पितळी दिवासुद्धा. ती म्हैसूरला गेली होती. तीच खोली मागून घेतली होती.

"हे बघ," ती म्हणाली आणि ड्रॉवर ओढला. आत एक पेन आणि कपडे धुवायच्या भावाचा कागद. "खाली विचारलं. त्यांच्याकडे काही नाही."

तिने ड्रॉवर परत लावला. मग तिने विचारलं, "विसरलीस की ठेवलास?"

बाहेर ट्रक मागे येत होता. तो थांबेपर्यंत मी थांबले.

"ठेवला," मी म्हटलं. "त्या दिवशी मला एकटीला राहायचं होतं. मग घ्यायचा राहिला."

फोनमध्ये खिडकी दिसायला लागली, फुलवाल्या, एक घोडागाडी, उन्हातला रस्ता. तिचा चेहरा दिसत नव्हता. शेवटी तिचा आवाज आला.

"तिला इथं आवडलं असेल?"

"असेल."

"उद्या पहाटे निघतो आम्ही." ती थांबली. "येताना काय आणू, आई?"

मी काहीतरी म्हटलं, साबण आण, चंदनाचा. फोन ठेवल्यावर मला कळलं की मी उभीच होते.

काल मुलगी परत यायची होती; दुपारी मी भाकऱ्या थापत होते. विमानं आमच्या गावावरून रोज जातात, मला त्यांचा आवाज कधी ऐकू येत नाही. काल आला. तवा तसाच ठेवून मी अंगणात कधी गेले ते कळलं नाही. वर पाहिलं. गोदामाच्या पत्र्याच्या मागून ते निघालं, उन्हात पांढरं झालं आणि ठाण्याच्या बाजूला खाली खाली गेलं. गळ्याखालची जागा गार झाली होती. मी तिथे हात लावला. हात पिठाचे होते.