तलावातलं बेट, धरणातलं बेट

माझ्यावर ज्याचे उपकार आहेत त्याला सगळे कका, म्हणजे तिकडच्या बोलीत काका, म्हणायचे. रायपूरच्या एका तलावात पायडलच्या बोटी चालतात, त्यांची देखभाल तो करायचा. साठी ओलांडलेला, काटकुळा, छत्तीसगढी माणूस. त्याचं माझं नातं नव्हतं, जात एक नव्हती, भाषासुद्धा अर्धीच जुळायची. तरी माझी नोकरी राहिली ती त्याच्यामुळे, आणि माझ्या पोरीची काळजी माझ्याही आधी त्याला सुचली. मी सहावीपर्यंत शिकलेली बाई आहे. लिहिताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव बेट आहे. समुद्रातलं नाही, धरणातलं. मी लहान होते तोवर ते साधं टेकाडावरचं गाव होतं, खाली शेतं, शेतांतून रस्ता, रस्त्याच्या कडेला शाळा. धरण भरलं तशी शेतं गेली, रस्ता गेला, शाळा गेली. टेकाडावरची घरं तेवढी कोरडी राहिली, आणि तोच आमचा गुन्हा ठरला. ज्यांची घरं बुडाली त्यांना नवं गाव मिळालं. आमची घरं बुडाली नव्हती, म्हणून कागदावर आम्ही बुडीत नव्हतो. चारी बाजूंनी पाणी आणि कागद कोरडा. माझी शाळा सहावीत सुटली ती अशी. पलीकडच्या काठावरच्या शाळेत जायला एकच डोंगा होता, त्यात आधी दुधाचे डबे, मग माणसं, जागा उरली तर पोरी.

पुढे लग्न झालं. नवरा सुरतेला कामाला गेला तो गेलाच. पोरीला आईकडे, भावाच्या घरात ठेवून मी रायपूरला आले. तिथल्या गुढियारी वस्तीत मावशी राहायची, तिचे यजमान रेल्वेत होते. नवीन राज्य झालं होतं, हे गाव राजधानी झालं होतं, आणि राजधानी म्हटल्यावर तलावालाही नटवणं आलं. तलावाच्या मधोमध एक बेट आहे. त्यावर बाग, कारंजं, रंगीत दिवे. तिथल्या बोटींच्या ठेकेदाराकडे मला काम लागलं. काम एवढंच: बोटीत बसणाऱ्याला केशरी जॅकेट घालून द्यायचं, पट्टा ओढायचा, परत आल्यावर काढून घ्यायचं.

एका बेटावरून उठून दुसऱ्या बेटावर येऊन पडले, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. मग मी रोज मनातल्या मनात दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायची. दुसरं करणार काय?

तलावातल्या बेटावर कोणी राहत नाही, पण झाडांच्या बुंध्यालासुद्धा दिवा आहे. आमच्याकडे साठेक घरं आहेत आणि विजेचा खांब पाण्यात उभा आहे, त्यावर बगळे बसतात. इथे पाणी बघायला लोक तिकीट काढतात. तिथे पाणी दिसू नये म्हणून माझी आई दार मागच्या बाजूला काढायचं म्हणते आहे कित्येक वर्षं. इथला धंदा म्हणजे भुट्टे, मोमो, फुगे आणि अर्ध्या तासाची बोट. तिथला धंदा उन्हाळ्यात. पाणी मागे सरकलं की गाळ उघडा पडतो, त्या गाळात डांगरं, काकड्या लावायच्या, आणि पाणी परत यायच्या आत काढायच्या. याला गाळपेर म्हणतात. कधी धरणाचे लोक दरवाजे लवकर लावतात, पाणी चढतं, मग डांगरं पाण्यावर तरंगतात आणि ज्याचा हात पुरेल त्याची. मासे पुष्कळ, पण मासेमारीचा ठेका दुसऱ्याचा, म्हणून आमच्या दारातला मासा आम्ही धरला तर ती चोरी. इथे कारंज्याचं पाणी तलावातून उपसून तलावातच सोडतात.

एकदा ब्राह्मणपाऱ्यातलं, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतलं, एक म्हातारं जोडपं नातवाला घेऊन आलं. मी बाईंच्या जॅकेटचा पट्टा लावत होते, त्यांनी माझ्या हिंदीतलं मराठी ओळखलं.

"कुठली गं तू?"

"बेटावरची, आजी. धरणातल्या."

"अगंबाई, म्हणजे तुला रोजच सहल!" आणि नातवाकडे वळून, "ऐकलंस का रे? ही बेटावर राहते."

नातू म्हणाला, "दादी, मगरमच्छवाली डस्टबिन देखनी है."

मी हसले. हसायचा पगार होता.

खरी बोचणी वेगळी होती. इथे पाणी जेमतेम दीड पुरुष, काठ दगड फेकला तर लागेल एवढा जवळ, तरी जॅकेटशिवाय कोणाला बोटीत बसू द्यायचं नाही. आणि माझी नऊ वर्षांची पोर रोज सकाळी डोंग्यात बसून तेवढ्याच्या कैकपट पाणी ओलांडून शाळेत जाते, अंगावर फ्रॉक आणि पाठीवर दप्तर. कोणाच्याही लेकराला पट्टा लावताना मला हे आठवायचं.

एका दिवाळीच्या आधी नवीन जॅकेटं आली आणि जुनी कंडम म्हणून पंप-खोलीत टाकली. मी ककाला विचारलं, त्यातली दोन नेऊ का, एक माझ्या पोरीला, एक भावाच्या पोराला.

"ले जा नोनी," कका म्हणाला. "कचरा ला कोन गिनथे?" ने जा पोरी, कचरा कोण मोजतो?

गावचा एक माणूस गुढियारीत मालधक्क्यावर हमाली करायचा, तो सणाला घरी निघाला होता. त्याच्या हातून पोत्यात घालून मी ती दोन जॅकेटं पाठवली. त्या आठवड्यात मला झोप छान लागली.

पण कचरा मोजतात. कंडम माल रद्द करायचा तर तो दाखवावा लागतो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ठेकेदाराने पंप-खोली उघडून जॅकेटं बाहेर काढायला लावली आणि दोन कमी निघाली. दुपारची वेळ, घाटावर गर्दी. त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "कौन ले गया?"

खरंच सांगते, मी तोंड उघडणार होते की नव्हते, आजही मला ठाऊक नाही. कका तोवर पुढे झाला होता.

"मैं लेगे रहेंव, साहब." मी नेली होती, साहेब.

"तू? क्या करेगा तू? तैरना सीखेगा इस उमर में?" लोक हसले. ठेकेदाराला हसणारे मिळाले की तो थांबत नसे. "चल, काम की चीज़ होगी तभी तो ले गया. पहन. पहन के दिखा."

त्याने ढिगातलं एक जॅकेट उचलून ककाच्या अंगावर फेकलं. "अब कूद."

"मोला तउँरे बर नइ आवय, साहब." इतकी वर्षं बोटींवर काढून ककाला पोहता येत नव्हतं.

"जॅकेट है ना. डर काहे का?"

कका उतरला. उडी नाही मारली, धक्क्याची कड धरून पाण्यात सरकला, म्हशी शिरतात तसा. दोन-चार श्वास जॅकेटने त्याला धरलं. मग ते पाणी प्यायला लागलं. आतल्या फोमचा भुगा झाला होता. छातीवर दगड बांधावा तसं ते त्याला खाली ओढायला लागलं. हात वर, तोंड पाण्यात. कोणी मोबाइल काढला होता. एक बाई म्हणाली, "नाटक कर रहा है बुड्ढा."

मला पोहता येतं. आमच्या गावात चालण्याच्या मागोमाग पोहणं येतं. मी धक्क्यावर, त्याच्यापासून चार हातांवर उभी होते, हातात एका गिऱ्हाइकाचं जॅकेट धरून. मी उतरले नाही. उतरले असते तर का उतरलीस हे विचारलं गेलं असतं, आणि मग सगळंच निघालं असतं. एवढा हिशेब मी तेवढ्या वेळात केला.

भुट्टेवाल्याने बांबू टाकला आणि त्याला ओढून काढलं. कका पायऱ्यांवर ओणवा होऊन खोकत होता. ठेकेदार त्याच्यासमोर उकिडवा बसला, अगदी प्रेमाने.

"देखा? नाती-पोते को पहनाता तो? बोल, किसकी जान बचाई मैंने? थैंक्यू बोल."

"आपकी मेहरबानी, साहब," कका म्हणाला.

"कल से मत आना." मग मान वळवून मला, "तू क्या देख रही है? कस्टमर खड़ा है."

मी कस्टमरला जॅकेट घातलं. पट्टा ओढला.

थोड्या वेळाने मी पंप-खोलीमागे गेले. कका ओल्या कपड्यांत कुडकुडत बसला होता. मी रडत होते, आणि ते रडणं स्वतःसाठी होतं, आपण वाचलो म्हणून. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दातांवर दात वाजत असताना पहिला शब्द काढला तो असा:

"फोन लगा नोनी. घर मा फोन लगा. लइका मन ला झन पहिरावव कहि दे."

लेकरांना घालू नका म्हणून सांग. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. मीच माझ्या पोरीला ते दगड पाठवले होते. दुसऱ्या दिवशी सोमवार, सकाळी डोंगा, शाळा.

गावात फोनला रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर. भावाचा फोन लागेना. मी जॅकेट घालायची, पट्टा ओढायची, फोन लावायची. पलीकडच्या काठावर किराणा दुकान आहे, तो दुकानदार म्हणाला, डोंगा गेला, आता उद्या सकाळीच निरोप जाईल. उद्या सकाळीच तर डोंगा होता. दिवेलागणीला कारंजं सुरू झालं, लोक टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा फोन लागला. वहिनी होती, ओट्यावर दिवा लावायला आलेली.

"वहिनी, ती जॅकेटं पोरांना घालता का?"

"कोन्ते? ते केशरी? अवं बाई, ते का पोट्ट्याइले घालाची वस्तू आहे? इतकी चांगली! मातीत लोळवतीन ते. मी खुंटीले टांगून ठेवली. साहेब लोक येते त्याइले देतो घालाले."

"म्हणजे पोरीनं एकदाही नाही घातलं?"

"रडत होती मले दे म्हणून. मी म्हटलं, पाव्हन्यासाठी आहे ते. काहून, काय झालं? आवाज काहून असा येऊन राहिला तुया?"

मी उत्तर द्यायच्या आत वहिनी पुढचं सांगायला लागली. मागच्या आठवड्यात सर्व्हेवाला बाबू आला होता, गाव पाण्यात आहे की नाही ते लिहायला. डोंग्यात बसायला घाबरत होता. त्याला एक जॅकेट घातलं. त्याला इतकं आवडलं की तो जाताना घेऊनच गेला, म्हणाला, अजून दहा गावं करायची आहेत, सगळी पाण्यातलीच.

मी तिला सगळं सांगितलं. घरात आहे ते जाळा म्हटलं. जाळण्यावरून ती जरा हळहळली. मग मी म्हटलं, "आणि त्या बाबूला कोणी तरी सांगा."



"त्याले काहून सांगाचं? त्यानं काय लिवलं माहीत आहे का तुले? गाव कोरडं आहे, म्हणून लिवलं."

सांगा म्हणून मी पुन्हा म्हटलं नाही. दुकानदाराचा नंबर माझ्याकडे होता, त्याला बाबूचं कार्यालय ठाऊक असणार. मी फोन लावला नाही. बाबूचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही.

कका गुढियारीतच, आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहतो. तलावाचं पाणी कानात गेलं तेव्हापासून डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. सून मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला येऊन बोलते, म्हणजे ऐकायचं चुकता कामा नये: "चोर के लिए चाय रखी है." मी एकदा त्यांच्या दारात गेले होते, खरं सांगायचं ठरवून. त्याने मला ओसरीवरूनच ओळखलं आणि बोट ओठांवर ठेवलं. "नौकरी राख, नोनी." आणि मी लगेच, फार लगेच, परत फिरले. त्याने अडवलं याचं मला बरं वाटलं, हेही इथे लिहून ठेवते.

मी अजून जॅकेटं घालते. माझ्या पगारावर पोर आता पलीकडच्या काठावर, शाळेजवळ एका घरी राहून शिकते, रोजचा डोंगा सुटला. ती दहावी होईल, मग मला या घाटाची गरज राहणार नाही. त्या दिवशी मी ककाच्या दारात जाईन, सुनेला आणि मुलाला समोर बसवीन आणि सांगेन की जॅकेटं मी नेली होती, पाण्यात मी उतरले नाही, आणि हा माणूस चोर नाही. त्याने ओठांवर बोट ठेवलं तरी सांगेन. त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून, मोठ्याने, म्हणजे त्यालाही ऐकू जाईल.