गिऱ्हाईकराव

पंखे बनवणाऱ्या आमच्या कंपनीत जाहिरात आणि विक्री बघणारी जी मंडळी होती, त्यातल्या प्रत्येकाला वाटायचं की आपल्या जिभेवर साखर आहे आणि आपण तोंड उघडलं की समोरचा विरघळलाच. मीही त्यातलीच, उलट चार पावलं पुढेच. आम्हाला जमिनीवर ठेवायचं काम एकाच माणसाकडे होतं आणि तो आमच्या विभागातला नव्हता. तो तक्रार विभागात बसायचा, दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खायचा आणि शांतपणे "बरोबर आहे तुमचं" म्हणायचा. हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण ऑफिसात सगळ्यांसाठी ते गिऱ्हाईकराव होते.

नाव पडलं ते आमच्याकडच्या एका रीतीमुळे. नवी जाहिरात, नवं पत्रक, दुकानदारासमोर करायचं भाषण, काहीही असो, बाहेर जाण्याआधी ते शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईकरावांसमोर ठेवायचं. परत आलेल्या पंख्यांच्या खोक्यांमधून वाट काढत त्यांच्या खोलीपाशी जायचं. आत ते चपला काढून, वरचं बटण सोडून, आपल्याच घरी बसल्यासारखे खुर्चीत बसलेले असत. आपण हातात पिशवी घेऊन दाराची चौकट वाजवायची आणि त्यांनी "कोण?" म्हटलं की विकायला लागायचं. पटलं तर ते म्हणत, "द्या बरं एक." हे तीन शब्द कानावर पडल्याशिवाय आमचे साहेबसुद्धा कागदावर सही करत नसत.

बहुतेक वेळा ते "नाही" म्हणत. त्याचाही त्यांचा नियम होता. पहिल्यांदा "नाही" आलं की एकदाच "का?" विचारायचं आणि उत्तर मन लावून ऐकायचं. मग हवं तर पुन्हा सांगून बघायचं. दुसऱ्यांदा "नाही" आलं की पिशवी उचलायची आणि निघायचं. पाय धरायचे नाहीत आणि पाय आपटायचेही नाहीत.

मी पहिल्याच शुक्रवारी पाय आपटले. कंपनीने तेव्हा बिनआवाजी टेबलपंखा काढला होता आणि त्याची जाहिरात मी लिहिली होती. "चालू आहे हे कळणारसुद्धा नाही" असं माझं वाक्य होतं आणि मी त्याच्यावर बेहद्द खूश होते. गिऱ्हाईकरावांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, खरंच कळणार नाही का? अजिबात नाही, मी छाती पुढे काढून म्हणाले. मग नको, ते म्हणाले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले की घरी बायकोला दिसत नाही. पंखा चालू आहे की बंद, हे तिला कानानेच कळतं. तुमच्या पंख्याच्या जाळीत तिचं बोट जायचं. मी म्हटलं, जाहिरात काय एका घरासाठी असते का? त्यावर त्यांनी दुसऱ्यांदा "नाही" म्हटलं. मी पिशवी उचलली आणि जिना दणाणून टाकला. त्यांनी मला परत बोलावलं, नीट चालत जायला लावलं आणि त्याच दिवशी माझं नाव "ठसका" ठेवलं. ते अजून चिकटलेलं आहे.

संध्याकाळी घरी आले तर आमचा जुना पंखा खडखडत होता आणि त्याच्याखाली आई-बाबा नेहमीसारखे ओरडून गप्पा मारत होते. "काय?" "काय म्हणालीस?" "अहो, मीठ संपलंय!" शेजाऱ्यांना वर्षानुवर्षं वाटायचं की या घरात रोज भांडण असतं. मला एकदम हसू आलं आणि हसता हसता वाक्य सुचलं: घरातलं बोलणं ऐकू येऊ दे. कारखान्यातल्या मंडळींच्या मागे लागून मी बटणालाही आवाज ठेवून घेतला. पंखा चालू केला की एकदा टक, बंद केला की दोनदा. पुढच्या शुक्रवारी गिऱ्हाईकरावांनी डोळे मिटून ते बटण फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "द्या बरं एक." तो पंखा धो धो खपला. मला लोक ओळखतात ते त्या एका वाक्यामुळे. ते वाक्य आईच्या मिठातून आणि वहिनींच्या बोटातून आलं, हे कुठल्याच बक्षीस समारंभात नीट सांगता येत नाही.

वहिनी म्हणजे गिऱ्हाईकरावांची बायको. मी त्यांच्या घरी जायला लागले ती त्या पंख्याच्या निमित्ताने, आणि मग निमित्ताची गरज उरली नाही. दोघांना मूलबाळ नव्हतं. घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती, कुणी पेला चार बोटं सरकवून ठेवला तरी वहिनी म्हणायच्या, "पाहुणे आलेले दिसतात." गिऱ्हाईकराव घरात सतत बोलत. एरवी मोजूनमापून बोलणारा हा माणूस घरी मात्र रेडिओ. खिडकीतून काय दिसतंय, कोण चाललंय, कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीचा रंग उडाला, सगळं सांगत असायचे. वहिनी म्हणत, "जरा श्वास घ्या." पण ते दोन मिनिटं गप्प बसले की त्याच विचारायच्या, "आहात का?"

माझे बाबा गेले तेव्हा, मी मोठ्या शहाण्यासारखी नोकरी सोडायला निघाले होते तेव्हा, आणि विभागाची मुख्य झाल्यावर जुने मित्र माझ्याशी तोलून बोलायला लागले तेव्हाही, मी खोक्यांमधून वाट काढत त्यांच्याकडेच गेले. ते उपदेश करत नसत. "का?" विचारत आणि ऐकून घेत. बाबांनी मला चालायला शिकवलं आणि यांनी दारातून परत फिरायला. मी आभार मानायला लागले की ते हात झटकायचे. "आभार मानणारा विक्रेता मागाहून काहीतरी गळ्यात मारतो," म्हणायचे. त्यामुळे आभार राहूनच गेले.

मग त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी आहे, मग वाटलं फोनवर बोलून बोलून बसला असेल. डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं. स्वरयंत्र काढलं तर माणूस वाचेल, नाही काढलं तर फार दिवस नाहीत, असं स्वच्छ सांगितलं. गिऱ्हाईकरावांनी डॉक्टरांचं म्हणणं पूर्ण ऐकलं, "बरोबर आहे तुमचं" म्हणाले आणि घरी निघून आले. ऑपरेशनला तयारच होईनात. घरचे, दारचे, साहेब, सगळे समजावून थकले.

एका सकाळी वहिनींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडून विकायला शिकलात ना? मग या आणि विका."

मी गेले. सवयीने पिशवी घेतली होती. आत काहीच नव्हतं. चौकट वाजवली. आतून घासलेल्या आवाजात "कोण?" आलं. ते खुर्चीत होते, चपला काढलेल्या, वरचं बटण सोडलेलं. मी कशासाठी आले हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी मला शुक्रवारसारखंच बोलू दिलं. मी बोलले. मी आयुष्यात इतकं मन लावून काही विकलेलं नाही. पुढची वर्षं विकली, सकाळचं फिरणं विकलं, खिडकी विकली, शुक्रवार विकले. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "नाही."

मी विचारलं, "का?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "ठसका, तिला मी दिसत नाही, ऐकू येतो. आवाज गेला तर मी घरात आहे की नाही, हे तिला कसं कळायचं? बिनआवाजी पंखा आमच्याकडे चालत नाही, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

तरी मी पुन्हा सांगून पाहिलं, रडत रडत, अगदी कच्च्या नवशिक्या पोरीसारखं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्यांदा म्हणाले, "नाही."

मी पिशवी उचलली. त्यांचाच नियम होता आणि त्यांच्यासमोर तो मोडायची माझी छाती नव्हती. मी दारापर्यंत पोचले तेवढ्यात वहिनी भिंतीला हात लावत बाहेर आल्या.

"निघालात कुठे?" त्या मला म्हणाल्या. "आवाज कुणासाठी ठेवायचाय? माझ्यासाठी. मग गिऱ्हाईक मी आहे. मला विचारलंत का कुणी?" आणि मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा आवाज मला पाठ आहे. इतकी वर्षं दुसरं केलंय काय? पण माणूस पाठ करून ठेवता येत नाही. तो घरात लागतो." मग माझ्या दिशेने हात पुढे करून म्हणाल्या, "द्या बरं एक."

गिऱ्हाईकरावांनी तिसऱ्यांदा "नाही" म्हटलं नाही. त्यांना तशी सवयच नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी विचारलं, आवाज टेप करून ठेवू का? वहिनी म्हणाल्या, नको, मी "आहात का?" विचारलं तर पेटी उत्तर देणार आहे का? त्या दिवशी दोघांनी दार लावून घेतलं आणि आम्हीही कुणी गेलो नाही. काय बोलले ते त्यांचं त्यांना ठाऊक.

त्यानंतर ते अंगठीने बोलू लागले. खुर्चीच्या दांडीवर, चौकटीवर, ताटावर, कुठेही. एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आमच्या पंख्याच्या बटणासारखंच. घरात घालायला त्यांनी कडक तळाच्या चपला आणल्या आणि खोलीखोलीतून वाजवत फिरू लागले. "घोडा पाळलाय मी," वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, पण सांगताना त्यांचा चेहरा फुललेला असायचा. शुक्रवारही परत सुरू झाले. आमच्या लांबलचक भाषणांच्या मध्येच टकटक व्हायची आणि सगळे हसायचे. हळूहळू अख्ख्या ऑफिसला ती खोड लागली. चहा हवा का विचारलं तरी लोक टेबलावर अंगठी आपटायचे.

आजार परत आला तेव्हा डॉक्टरांकडे विकायला काही शिल्लक नव्हतं. मी रोज जात होते. शेवटचे काही दिवस ते वहिनींच्या मनगटावर बोटानेच टक करायचे, अगदी हलकं. एका सकाळी ते थांबलं. वहिनींनी दोनदा विचारलं, "आहात का?" आणि मग त्यांनीच आम्हाला फोन करायला सांगितलं.

ऑफिसात शोकसभा झाली. मी बोलायला उभी राहिले आणि चांगलं बोलले, तेच वाईट झालं. लोक डोळे पुसत होते आणि मी मात्र मधल्या टकटकीची वाट बघत होते. ती आली नाही, म्हणून मी बोलतच राहिले आणि भाषण फार लांबलं.

सगळी गर्दी ओसरल्यावर एका दुपारी मी वहिनींकडे गेले. घरातला तो बिनआवाजी पंखा चालू होता, पण त्याच्याशेजारी माळ्यावरून काढलेला एक जुना खडखड्या पंखाही चालू होता. दिवस थंडीचे होते. मी बघतच राहिले. वहिनी म्हणाल्या, "वाऱ्यासाठी नाही लावला. काहीतरी वाजत असलं की बरं वाटतं."

मी म्हटलं, माझ्याकडे राहायला चला. त्या "नाही" म्हणाल्या. मी विचारलं, का? तर म्हणाल्या की इथे पेला कुठे आहे ते मला माहीत आहे, तुमच्याकडे मी खरीच आंधळी होईन. मी पुन्हा सांगून पाहिलं. त्यांनी पुन्हा "नाही" म्हटलं. मी पिशवी उचलली आणि दाराशी आले. पण पाय उंबऱ्याबाहेर पडेना. मी तशीच गुपचूप उभी राहिले.

"आहात की गेलात?" आतून वहिनींनी विचारलं.

हाताला ती ऑफिसातली खोड लागलेली होती. मी चौकटीवर अंगठी आपटली. एकदाच. टक.

वहिनींचा चेहरा झटकन वर झाला. माझ्याकडे नाही, गिऱ्हाईकरावांच्या खुर्चीकडे. हात आपोआप केसांकडे गेला, एक बट कानामागे सारली, आणि ओठ काही म्हणायला उघडले. क्षणभरच. मग हात मांडीवर येऊन पडला. मी पिशवी तिथेच टाकली, आत धावले आणि त्यांच्या पायाशी बसले. दुसऱ्या नकारानंतर निघायचं हा नियम मी तेवढा एकदाच मोडला.

"मी आहे, वहिनी," मी म्हणाले. "चुकलं माझं."

"कळलं," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी माझा हात धरून ठेवला, अंगठीवरून बोट फिरवत. मग म्हणाल्या, "बसा. पण गप्प बसू नका. बोलत राहा."

काय बोलू, मी विचारलं. त्या म्हणाल्या, यांना जे सांगायचं राहून गेलं असेल ते. मी पहिल्या शुक्रवारपासून सुरुवात केली. खोकी, चौकट, छाती पुढे काढून मारलेली माझी फुशारकी, दणाणलेला जिना. वहिनींनी हात लांब केला आणि चाचपडत खडखड्या पंख्याचं बटण बंद केलं.