डोक्याच्या वरची बटणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही शोभाला ओळखत नाही.

शोभा माझी धाकटी जाऊ, लातूरला असायची. माझ्या लेकीचं लग्न ठरत आलं होतं, तेव्हा पोरीला झटके येतात असं मुलाकडच्यांच्या कानावर तिनंच घातलं. लहानपणी तापात एकदा आला होता — एवढंच. सोयरीक मोडली. मी काय केलं? काही नाही. सणावाराला तिची ओटी भरत राहिले, आणि वाट बघत राहिले.

दीर रिटायर झाले, तेव्हा घर घ्यायचं निघालं. लातूरला की नांदेडला? शोभाची आई भूकंपात दगडी भिंतीखाली गेली. शोभा अजून भिंतीला लागून झोपत नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर फोनवर घोळवून घोळवून सांगितलं, की लातूरच्या जमिनीचा काय भरवसा. आणि इथं नांदेडात नदीकाठच्या वस्तीतलं एक घर दाखवलं — भर उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना.

ती खांबांवर थापा मारत होती, स्लॅबला तडा आहे का बघत होती. लातूरची माणसं घर असंच बघतात. पाणी आपणहून घरात येईल, हे त्यांच्या डोक्यातही येत नाही.

एकदाच ती अडली. "अक्का, ही बटनं एवढ्या वर कशाला बसिवलीत?"

त्या वस्तीत सगळ्यांचीच वर असतात. धरणाचे दरवाजे उघडले की पाणी कुठवर चढतं, ते त्यांना माहीत असतं — मलाही होतं.

"लेकराबाळांचे हात पोचू न्हाई म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी तेच घर घेतलं, आणि गेल्या पावसाळ्यात त्यात छातीएवढं पाणी शिरलं. देव्हारा कवटाळून बसलेल्या शोभाला होडीतून काढलं. ती माझ्याच घरी आली, चिंब, आणि माझा हात सोडेना. "अक्का, तुमी होता म्हणून." मी चहा टाकला. खोटं कशाला बोलू — मला गार वाटलं. लेकीचं मोडलेलं लग्न आठवलं, आणि अजून गार वाटलं.

परवा तिनं विचारलं, घर विकून लातूरला परत जावं का?

इथं तरी थांबता आलं असतं ना मला?

"बघ बाई," मी म्हणाले, "तिकडं जमीन हलती."

तिनं तिथूनच रंगाऱ्याला फोन लावला.