कोऱ्या बटणांचा कॉम्प्युटर

शहापुरात माझा टायपिंगचा क्लास होता. आठ मशीन, त्यांतली पाच मराठी. नव्वदीच्या शेवटी मुली येऊन आधी विचारायच्या, "बाई, कॉम्प्युटर हाय का?" नाही म्हटलं की जिना उतरून जायच्या. धसईजवळच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात जुना कॉम्प्युटर पडून आहे असं कानावर आलं, तशी मी दुसऱ्याच दिवशी एसटी धरली.

मुख्याध्यापक नवीन होते. त्यांनी पत्र्याची एक जड पेटी पुढ्यात ठेवली. पेटीलाच बटणं जोडलेली. पडदा नाही, कंपनीचं नाव नाही, एक कागद नाही. बटणंही कोरी.

"काय आहे ते आम्हालाच ठाऊक नाही. न्या," ते म्हणाले.

मुरबाडच्या स्टँडमागे एक टीव्ही दुरुस्तीवाले होते. मी पेटी चादरीत बांधून त्यांच्याकडे नेली. त्यांनी स्क्रू काढले, धूळ फुंकली आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले.

"हे कारखान्यातलं नाय, बाई. सोल्डरिंग हातचं हाय."

"चालू होईल?"

"आधी हाय काय ते कळू दे."

तेव्हापासून दर गुरुवारी क्लास लवकर आटपून मी मुरबाडला जायला लागले. फुगलेले कंडेन्सर त्यांनी बदलले. लाल दिवा लागला, पुढे काही नाही. मग मागच्या एका सॉकेटवरून त्यांनी ओळखलं की याचं चित्र साध्या टीव्हीवर दिसायला हवं. दुकानातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही जोडून ते चॅनेल लावत बसले. तीन गुरुवार नुसत्या मुंग्या. चौथ्या गुरुवारी मुंग्या विरल्या आणि काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन उघडझाप करायला लागला.

त्यांनी चारसहा बटणं दाबली. पडद्यावर तुटक्या रेघा उमटल्या.

"कचरा येतोय. अक्षरांची चिप गेली. आता सोडा, बाई."

मीही उठले होते. पण त्या रेघांतल्या एकीवर नजर अडली. तो अर्धा श होता, काना न लागलेला. पलीकडे अर्धा ण. मराठी टाइपरायटरवर ही अक्षरं अशीच अर्धी उमटतात, कान्याचं बटण मारलं की पूर्ण होतात.

"जरा सरका," मी म्हटलं.

कोऱ्या बटणांवर बोटं ठेवली, पहिल्या धड्यात शिकवते तशी. डावी करंगळी अनुस्वारावर, उजवी तर्जनी र वर. ‘काय’ मारलं. पडद्यावर ‘काय’ आलं. मग ‘हार’, ‘सारे’, ‘केस’. एक अक्षर चुकलं नाही.

"तुमाला कसं कळलं कुठलं बटन कशाचं?"

"पंधरा वर्षं हेच शिकवतेय, भाऊ."

यंत्र कसलं ते कळलं, पण कुणाचं ते कळेना. मी पुन्हा शाळेत गेले. या वेळी मुख्याध्यापकांना सोडून म्हाताऱ्या शिपायाला गाठलं.

"ते ना? सायन्सच्या सरांनी बनवलेलं. सुट्टीत पन हितंच बसायचे. आता खर्डीला असतात."

सर ओट्यावर वाल सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्यांनी फक्त विचारलं, "ळ उमटतो?"

मी तो मारून पाहिला होता. "नाही, सर."

"नाहीच उमटायचा. शाळेच्या क्लार्कचा टाइपरायटर समोर ठेवून केलं सगळं. चिपमध्ये अक्षरं क्रमाने भरत गेलो, आणि ह पाशी जागा संपली. क्ष, ज्ञ चं काहीतरी भागवलं असतं. पण मुलांनी पहिल्याच दिवशी ‘शाळा’ लिहायला घेतलं. पोरं हसली. मी कपाट बंद केलं ते कायमचं."

मी म्हटलं, "सर, त्यात ङ आहे?"

"आहे."

"मी इतक्या वर्षांत ङ एकदाही मारलेला नाही."

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ते उठून आत गेले आणि चौकड्यांच्या कागदांचं भेंडोळं घेऊन आले. प्रत्येक अक्षर ठिपक्याठिपक्याने काढलेलं.

कल्याणच्या एका कॉलेजात त्यांचा जुना विद्यार्थी शिकवत होता; चिप पुसून नव्याने भरायची सोय तिथे होती. ङ च्या जागी ळ भरून घ्यायला सर स्वतः चिप घेऊन गेले. परत आणून लावली तर पडदा कोरा, होती ती अक्षरंही गेलेली. टीव्हीवाल्यांनी कपाळाला हात लावला. सर म्हणाले, "कागद आहेत ना माझ्याकडे?" आणि पुन्हा कल्याणला गेले. दुसऱ्या खेपेला सगळं आलं. ळ जरा डावीकडे कललेला होता, पण ळ होता.

पुढे चारेक वर्षं ते यंत्र माझ्या क्लासात चाललं. लाइट गेली की लिहिलेलं सगळं पुसलं जायचं, त्यामुळे मुली घाईने आणि बिनचूक लिहायला शिकल्या. शनिवारी सर खर्डीहून यायचे, मागच्या बाकावर बसायचे, आणि कुणी अडली तर मी उठायच्या आत तिच्यापाशी पोचलेले असायचे.