गाडीला लावलेलं कुंकू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून.

विश्वामित्री नदीचं पाणी समा भागातल्या आमच्या सोसायटीत शिरलं, तेव्हा आमची गाडी सीटपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर ह्यांनी ती दुरुस्त करून घेतली. आतला चिखल मी काढला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून घासले — चिखलाची रेघ तिथेच राहते ना.

मग माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा, सुधीरराव, गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला आले. ह्यांनी पुराचं नाव काढलं नाही. सुधीररावांनी बॉनेट उघडलं, बेल्ट ओढून पाहिले, खाली वाकून वास घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा, गाडी सारी छे ने, चांगली आहे ना? तुम्हाला काही खोटं बोलता येत नाही!" सगळे हसले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले.

तरी ते म्हणाले, आधी पाणीगेटच्या मेकॅनिकला दाखवतो. शहाणा माणूस. आणि मी काय केलं? आत गेले, हळदीकुंकवाचं ताट आणलं. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, बहिणीच्या हातून नारळ फोडवला. मोठ्या बहिणीने पूजा केलेली गाडी — ती तपासायला कोण नेणार? "हवे मेकॅनिक शुं करवानो! आता त्याचं काय काम!" म्हणत सुधीररावांनी किल्ली घेतली.

ह्यांनी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. इथेच मी अडते. धाकटीला सांभाळायला म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली. ही कॉलेजात गेली. त्या दिवशी वाटलं — एकदा फसू दे हिला. तिचं वाईट व्हावं असं नव्हतं वाटलं. पण त्याने काय फरक पडतो?

हायवेवर गाडी चालता चालता बंद पडली. मागून टेम्पो धडकला. सुधीररावांना खरचटलं, बहिणीचा पाय मांडीत मोडला. जुनी गाडी, असं व्हायचंच, सगळे म्हणाले. मीही म्हणाले. दवाखान्यात तिने माझा हात धरला — "ताई, तू पूजा केलीस म्हणून वाचलो गं." मी तिचं पांघरूण नीट केलं.

अजून ती येते. जिन्यावर तिचा एक पाय वाजतो, दुसरा ओढत येतो. मी आतून ऐकत उभी असते. ती पोचायच्या आधी दार उघडते आणि हसते.