तिसऱ्या वाफ्यातली मेथी

तिसऱ्या वाफ्यातली मेथी बघून मी बांधावरच उड्या मारायला लागले. पायात गमबूट, हातात सॅम्पलच्या पिशव्या. शेताच्या मालकीणबाई सुमनताई आधी दचकल्या, मग त्याही हसत सुटल्या.

"म्याडम, लय हिरवीगार हाय. आता विकू ना?"

मी माती तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. सुमनताईंचं अर्धा एकर शेत अंबडच्या पलीकडे, ओढ्याकाठी. ओढ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी धातूला मुलामा देणारी एक शेड होती. ती बंद झाली, पण तिच्या पाण्यातलं कॅडमियम मातीत राहिलं. हा जड धातू कुजत नाही. मुळं खुंटवतो, पानं पिवळी पाडतो आणि भाजीतून आपल्या पोटात येतो. आमचा पहिला रिपोर्ट ऐकला त्या दिवसापासून सुमनताईंनी भाजी विकणं बंद केलं होतं. "लोकांची लेकरं खात्यात," एवढंच म्हणाल्या.

म्हणून ही तीन वाफ्यांची ट्रायल. पहिला तसाच ठेवला. दुसऱ्यात भाताच्या तुसाचा कोळसा आणि भरपूर कंपोस्ट. तिसऱ्यात जिवाणूंच्या द्रावणात भिजवलेलं बी. हे जिवाणू रोपाला धातूचा ताण सोसायला मदत करतात. पहिल्यातली मेथी पिवळी, दुसऱ्यातली बेताची, तिसरी नुसती फोफावलेली.

तिथूनच मी बॉसना, देशमुख सरांना, व्हिडिओ कॉल लावला.

"सर, जमलं. बघा तरी."

"दिसतंय. पानं तपासलीस?"

"अजून नाही. पण रंग बघा ना, सर."

"मशीनला रंग कळत नाही. एक जुडीसुद्धा विकू देऊ नकोस."

चार दिवसांनी रिपोर्ट आला. सगळ्यात जास्त कॅडमियम तिसऱ्या वाफ्याच्या पानांत. रोप विष सोसायला शिकलं होतं, पण ते पानात साठवून. मला रडूच येणार होतं. तेवढ्यात दुसऱ्या वाफ्याची ओळ दिसली. मर्यादेच्या आत, बरीच आत. कोळशाने आणि कंपोस्टने धातू मातीतच धरून ठेवला होता. सरांनी टेस्ट पुन्हा करायला लावली. आकडा तोच. मी शेजारच्या गंभीर केमिस्टबाईंना मिठी मारली. त्यांच्या हातात पिपेट होतं, त्या रागावल्या, मग त्यांनीही मिठी मारली.

गाडी काढून थेट शेतावर गेले.

"ताई, दुसरा वाफा पास झाला."

"तो मरतुकडा?" सुमनताई मटकन बांधावर बसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "मंग तिसरा शेळीला घालू?"

"शेळीलाही नको. सगळा उपटून लॅबला नेते."

पुढच्या हंगामात त्यांनी सगळ्या शेतात कोळसा आणि कंपोस्ट मिसळलं. पानं परत तपासली, पास झाली, आणि त्यांची मेथी बाजारात गेली.

आता लॅबमध्ये नवीन कोणी आलं की मी पहिल्याच दिवशी सांगते: रोप खूश दिसलं म्हणून खाणाऱ्याने खूश व्हायचं कारण नाही. पान आधी मशीनमध्ये जातं, मग पोटात.